आयरिस बियांपासून वाढवताना: उशिरा उगवणाऱ्या रोपांसाठीही जागा ठेवा

आयरिस या फुलझाडाचा कंद फोडून लावला की मिळतं ते मूळ झाडच, फक्त दुसऱ्या जागी. दहा जणांना दहा तुकडे वाटले तरी आनुवंशिक हिशेबाने ते एकच झाड असतं. त्याला एखादा रोग सोसत नसेल तर तो दहाही ठिकाणी सोसत नाही. बियांचं तसं नाही. एका बोंडातल्या बिया म्हणजे एका घरची भावंडं, प्रत्येकाचा स्वभाव निराळा. कुणाला थंडी सोसते, कुणाला पाण्याचा ताण. कुणी दोन महिन्यांत रुजतं, कुणी तिसऱ्या वर्षापर्यंत मातीत पडून राहतं. रानातली जात या फरकांवरच तगून असते. शोभेचं एखादं वाण जसंच्या तसं हवं असेल तर कंद लावावा. स्थानिक जात जपायची असेल तर मात्र बियांकडेच यावं लागतं.

हे काम अवघड नाही, पण लांबणारं आहे. पेरणीपासून पहिल्या फुलापर्यंत दोन ते पाच वर्षं जातात. त्यामुळे सुरुवातीपासून नोंदी नीट ठेवल्या तरच शेवटी हातात काही खात्रीचं उरतं.

आधी जात नक्की करा

आयरिसच्या सुमारे ३०० जाती आहेत आणि त्या सगळ्या उत्तर गोलार्धातल्या. दक्षिण गोलार्धात एकही आयरिस मूळची नाही. बी हातात आल्यावर पहिला प्रश्न हाच विचारायचा, की ही जात मूळची कुठली, आणि तिथला हिवाळा आणि पाऊस कसा असतो. पुढची प्रत्येक पायरी या उत्तरावर ठरते.

आयरिस सायबेरिका, सेटोसा, व्हर्सिकलर या गारठ्याच्या आणि ओलाव्याच्या जागच्या जाती. त्यांच्या बियांना ओली थंडी लागते. अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या डग्लसियाना, टेनॅक्स, इनॉमिनाटा या जातींनाही थंडीचा काळ लागतो. मात्र त्यांचा हिवाळा पावसाळी आणि उन्हाळा कोरडा असतो, शिवाय मुळं हललेली त्यांना मुळीच खपत नाहीत. लुईझियाना गटातल्या दलदलीच्या जातींच्या बियांवर बुचासारखं जाड कवच असतं. त्यांना थंडीची फारशी गरज नसते, ताज्या पेरल्या की त्या चांगल्या उगवतात. खालच्या पाकळ्यांवर केसाळ पट्टा असलेल्या, म्हणजे दाढीवाल्या जातींना निचरा आणि ऊन हवं. पश्चिम आशियातल्या ऑन्कोसायक्लस गटाच्या बियांवर पांढरट मांसल टोपी असते. या बिया सगळ्यांत हट्टी. नवख्याने त्यांच्यापासून सुरुवात करू नये.

एका जातीबद्दल इथेच सावध करतो. पिवळ्या फुलांची आयरिस स्यूडॅकोरस मूळची युरोप, पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेतली. तिथे ती पाणथळीची शोभा आहे. उत्तर अमेरिकेत मात्र ती ओढ्याकाठी पसरून स्थानिक झाडांची जागा बळकावते. तिच्या बिया तरंगतात आणि प्रवाहाबरोबर दूरवर जातात. ती जिथली मूळची नाही तिथे तलावाकाठी लावू नका. आधीपासून असेल तर बोंडं उकलण्याआधी कापून टाका. झाड स्थानिक आहे की नाही हे त्याच्या जागेवरून ठरतं, नुसत्या नावावरून नाही.

बी कुठून घ्यायचं

पहिली पसंती माहितीसकट मिळणाऱ्या बियांना. कोणत्या भागातल्या झाडांचं बी, कोणत्या वर्षी काढलं, हाताने परागण केलं की मधमाश्यांनी, एवढं तरी कळायला हवं. आयरिसप्रेमींच्या संस्थांच्या बी-देवाणघेवाणीत अशी माहिती बहुधा लिहिलेली असते. नुसतं 'निळी आयरिस, मिश्र' लिहिलेलं पाकीट बागेसाठी ठीक आहे, जपणुकीच्या कामाचं नाही.

रानातून बी घ्यायचं असेल तर आधी जमिनीच्या मालकाची आणि जिथे लागते तिथे वनखात्याची परवानगी घ्या. संरक्षित जातीला परवानगीशिवाय हात लावायचा नाही. कंद तर कोणत्याही जातीचा रानातून उपटू नका. बीज-बँकांमध्ये पाळला जाणारा एक दंडक साध्या माणसानेही पाळावा: त्या दिवशी पिकलेल्या बियांपैकी २० टक्क्यांहून जास्त घ्यायच्या नाहीत, आणि जमेल तर ५० वेगवेगळ्या झाडांवरून थोड्या थोड्या घ्यायच्या. एकाच दाट झुडपातून मूठभर बिया घेतल्या तर त्या एकाच आईच्या असण्याचा संभव फार. दुर्मीळ जातीसाठी २० टक्केही जास्त होतात. ते काम जाणकारांवर सोडलेलं बरं.

फुलापासून बोंडापर्यंत

बागेत दोन जवळच्या जाती असतील तर मधमाश्या त्यांचा संकर करणारच. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या जाती तर एकमेकींशी इतक्या सहज जुळतात की शेजारी लावलेल्या दोन जातींचं मोकळं बी शुद्ध निघेल याची खात्री देता येत नाही. त्यामुळे जात शुद्ध ठेवायची तर परागण हाताने करावं लागतं. सगळ्या कामात मला सगळ्यांत आवडणारी पायरी हीच.

उद्या उमलेल अशी कळी निवडा. बोटांनी हलकेच उघडा. आत तीन खाली झुकणाऱ्या पाकळ्या, तीन उभ्या पाकळ्या, आणि मधे पाकळीसारख्याच दिसणाऱ्या तीन कमानी दिसतील. या कमानी म्हणजे कुक्षीवृंत. प्रत्येक कमानीखाली एक परागकोश दडलेला असतो. कमानीच्या टोकाशी, खालच्या अंगाला, नखाच्या कडेएवढी एक पातळ ओठासारखी पट्टी असते. ती कुक्षी, म्हणजे पराग स्वीकारणारा भाग. मधमाशी आत शिरताना तिची पाठ या ओठाच्या बाहेरच्या बाजूवर घासते आणि आधीच्या फुलाचा पराग तिथे लागतो. मग ती पुढे परागकोशाला घासते. परत बाहेर येताना तोच ओठ वर दुमडतो, त्यामुळे त्याच फुलाचा पराग सहसा त्याला लागत नाही. म्हणून आपणही पराग ओठाच्या बाहेरच्या, वरच्या बाजूवरच लावायचा. आतल्या बाजूला लावून काही उपयोग नाही.

खाली झुकणाऱ्या तिन्ही पाकळ्या काढून टाका. मधमाशीला उतरायला जागा उरत नाही. तिन्ही परागकोश चिमट्याने काढा. दुसऱ्या दिवशी ओठ मऊ आणि किंचित चिकट झाला की त्याच जातीच्या पण वेगळ्या झाडाचा पिकलेला, पिठासारखा सुटणारा पराग तिन्ही ओठांवर लावा. पराग देणाऱ्या फुलालाही आदल्या दिवशी जाळीची पिशवी बांधलेली असावी, नाहीतर मधमाशीने त्यावर आणलेला परका पराग आपल्याच हाताने जातो. देठाला दोरा आणि चिठ्ठी बांधा: आई कोण, बाप कोण, तारीख काय.

वेगळं झाड म्हणजे खरोखर वेगळं, एकाच कंदाची दोन फोडलेली झाडं नव्हेत. काही जाती स्वतःचा पराग स्वीकारतच नाहीत. इस्रायलच्या किनारपट्टीवरची गडद जांभळी आयरिस अ‍ॅट्रोपर्प्युरिया अशांपैकी एक. तिच्या फुलात मधमाश्यांसाठी मधुरस नसतो. नर मधमाश्या संध्याकाळी त्या फुलांच्या गडद पोकळीत मुक्कामाला येतात, एका फुलातून दुसऱ्यात शिरत जागा शोधतात आणि त्या येण्याजाण्यात परागण होतं. फूल जपायचं तर त्या मधमाश्या जिथे घरटी करतात ती मोकळी जमीनही राहिली पाहिजे. त्या किनारपट्टीवर शहरं वाढली आहेत, म्हणून ही जात अडचणीत आहे.

बोंड काढणं आणि साठवण

परागण लागलं तर आठवडाभरात पाकळ्या गळून देठावरचा हिरवा भाग फुगू लागतो. बोंड पिकायला साधारण ८ ते १२ आठवडे लागतात. तपकिरी होऊन टोकाशी तडा दिसला की काढायचं. उशीर झाला तर बिया सांडतात. घरी रोज पाहणं जमत नसेल तर बोंडावर पातळ जाळीची पिशवी बांधून ठेवा. लुईझियाना गटाचं बोंड नीट तपकिरी होतच नाही. ते हिरवंच असताना मऊ पडतं, त्यामुळे दाबून पाहावं लागतं.

बोंडावर बारीक भोक दिसलं तर लगेच फोडा. आयरिसच्या बिया खाणारे सोंडे असतात आणि एक अळी अख्खा कप्पा रिकामा करते. उरलेल्या दोन कप्प्यांतल्या बिया वाचू शकतात.

बी चांगलं आहे का हे पाहायला पाण्यात टाकून तरंगणारं फेकून देण्याची सवय अनेकांना असते. आयरिसच्या बाबतीत ही सवय महागात पडते. पाणथळीच्या जातींच्या निरोगी बिया तरंगायलाच घडलेल्या असतात. त्यापेक्षा बोटांत दाबून पाहा. टणक, भरलेलं बी ठेवा, पोचट आणि चपटलेलं काढा. बिया भरपूर असतील तर दोन-तीन आडव्या कापा. आतला गर पांढरा आणि घट्ट हवा, तपकिरी किंवा पिठूळ नको.

लगेच पेरणार नसाल तर आठ-दहा दिवस सावलीत वाळवून बिया कागदी पाकिटात घाला. पाकिटं सिलिका जेलसह घट्ट झाकणाच्या बरणीत आणि बरणी फ्रिजमध्ये ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओलसर बी ठेवू नका, बुरशी येते. मोठ्या बीज-बँका बिया १५ टक्के सापेक्ष आर्द्रतेला सुकवून उणे २० अंशांवर ठेवतात. घरी तितकं जमत नाही, पण कोरडं आणि गार हे सूत्र तेच.

याला अपवाद आहेत. लुईझियाना गटाच्या बिया फार सुकवू नयेत. क्रिस्टाटा आणि लॅकस्ट्रिस या बुटक्या जातींच्या बियांना एक तेलकट, मांसल भाग चिकटलेला असतो. तो खाण्यासाठी मुंग्या बिया ओढून नेतात आणि त्यातून प्रसार होतो. या बिया ताज्याच पेराव्यात. लॅकस्ट्रिस फक्त ह्यूरॉन आणि मिशिगन सरोवरांच्या काठच्या पट्ट्यात वाढते. अमेरिकेच्या केंद्र सरकारने १९८८ मध्ये तिला धोक्यातली जात ठरवलं, आणि १९९८ मध्ये ती मिशिगनचं राज्य-रानफूल झाली.

थंडी देणं

आयरिसच्या बीत उगवण रोखून धरणारी द्रव्यं असतात. रानात पाऊस ती धुवून काढतो आणि हिवाळा गेल्याची खात्री झाल्यावर बी उघडतं. आपल्याला तेच करायचं आहे, थोड्या शिस्तीने.

सुक्या बिया आठवडाभर पाण्यात भिजवा आणि पाणी रोज बदला. पहिले काही दिवस पाणी चहासारखं तपकिरी होतं, नंतर फिकं पडत जातं. जाळीच्या छोट्या पिशव्या केल्या तर चार-पाच जाती एकाच भांड्यात भिजवता येतात. प्रत्येक पिशवीत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी हवीच. पेनाची शाई पाण्यात विरते.

जिथे खरा हिवाळा असतो तिथे त्याच्या तोंडावर कुंडीत पेरून कुंडी उघड्यावर ठेवणं सगळ्यांत सोपं. हिवाळा सौम्य असेल तर फ्रिज. ओलसर व्हर्मिक्युलाइटमध्ये (पाणी धरून ठेवणारं हलकं खनिज) बिया मिसळून पिशवीत घाला आणि सुमारे ४ अंश सेल्सिअसला ६० ते ९० दिवस ठेवा. ओलसर म्हणजे मुठीत दाबलं तर थेंब पडू नये इतपत. बर्फाचा कप्पा टाळा. सहा आठवड्यांनंतर दर आठवड्याला पिशवी उघडून पाहा. कुठे पांढरं टोक दिसलं की ते बी उचलून लगेच कुंडीत लावा.

पेरणी

कुंडी १२ ते १५ सेंटीमीटर खोल असावी. आयरिसची पहिली मुळं सरळ खाली धावतात, उथळ ट्रेमध्ये ती लवकर अडतात. मिश्रणात दोन भाग कोकोपीट किंवा चाळलेलं पानांचं खत आणि एक भाग जाड वाळू किंवा परलाइट (हलके, पांढरे खनिज दाणे). दाढीवाल्या जातींसाठी वाळू वाढवा. पाणथळीच्या जातींसाठी कुंडी पाण्याच्या थाळीत ठेवली तरी चालते.

बिया सेंटीमीटरभर खोल, एकमेकींपासून दोन बोटं अंतरावर ठेवा. वर बारीक खडीचा पातळ थर द्या. त्याने शेवाळ कमी येतं आणि पाणी घालताना बिया उघड्या पडत नाहीत. पाण्याची धार वरून देऊ नका, कुंडी थाळीत ठेवून खालून ओली करा.

लेबल दोन लावा, एक वर आणि एक कुंडीत आत पुरलेलं. वरचं लेबल उन्हाने फिकं पडतं किंवा पक्षी उपटतात. माझ्याकडच्या एका कुंडीचं वरचं लेबल दुसऱ्या उन्हाळ्यात कोरं झालं होतं. आतलं पेन्सिलचं लेबल उकरून काढलं तेव्हा जात, जागा आणि वर्ष तिन्ही जसंच्या तसं वाचता आलं. ते नसतं तर निरोगी, पण नाव नसलेली अकरा रोपं हातात उरली असती.

वाट पाहण्याचा काळ

थंडीनंतर बहुतेक जाती १० ते १८ अंशांच्या दरम्यान उगवतात. दिवसा थोडी ऊब आणि रात्री गारवा असा फरक असेल तर आणखी बरं. उकाडा वाढला की उगवण थांबते. तेव्हा कुंडी सावलीत नेऊन किंचित ओलसर ठेवायची आणि पुढच्या थंडीची वाट पाहायची.

पहिल्या वर्षी अर्ध्या बिया उगवल्या तर मी समाधानी असतो. बाकीच्या मेल्या असं मानून कुंडी उपडी करणं ही या कामातली सगळ्यांत मोठी चूक. रानात एखादं वर्ष कोरडं जातं, त्या वर्षीची सगळी रोपं मरतात. तेव्हा मातीत राखून ठेवलेल्या बियाच जात पुढे नेतात. आपण दरवर्षी फक्त लवकर उगवणारी रोपं ठेवली तर चार पिढ्यांत ती राखीव ठेवण्याची सवयच नाहीशी होईल. बागेला ते सोयीचं वाटेल, रानात परतण्यासाठी मात्र ती रोपं लुळी ठरतील. म्हणून उगवलेली रोपं अलगद काढून घ्या आणि कुंडी तशीच ठेवा, निदान तीन हिवाळे. ऑन्कोसायक्लसच्या बिया तर त्याहून कितीतरी जास्त वर्षं थांबू शकतात.

हट्टी बियांसाठी जाणकार एक युक्ती करतात. भिजलेल्या बीच्या ज्या टोकाशी भ्रूण असतो तिथला पातळ काप धारदार पात्याने काढतात, म्हणजे भ्रूणावरचं दडपण हटतं. दहा-बारा मोजक्याच बिया हाती असतील तर अर्ध्यांवरच हे करा.

रोपं

उगवलेलं रोप गवतासारखं दिसतं आणि अनेकांकडून तणच समजून उपटलं जातं. ओळख अशी: गवताचं पातं गोल फिरत येतं, आयरिसची पानं एकाच पातळीत, पंख्यासारखी, एकमेकांना बुडाशी चिमटीत धरून येतात. बूड दोन बोटांत फिरवून पाहिलं तर चपटं लागतं.

रोपं कोलमडणं हा बुरशीचा रोग दाट, दमट कुंडीत होतो. मोकळी हवा, खालून पाणी आणि वरची खडी, यांनी तो बराचसा टळतो. गोगलगायींवर रात्री बॅटरी घेऊन लक्ष ठेवा. एका रात्रीत त्या पाच महिन्यांची प्रतीक्षा खाऊन टाकतात.

रोप ८ ते १० सेंटीमीटर झालं, तीन-चार पानं आली की वेगळ्या कुंडीत हलवा. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या जाती हलवायच्या तर नवी पांढरी मुळं फुटत असतानाच, एरवी नाही. रोप थोडं उकरून पाहा. मुळं तपकिरी आणि निपचित असतील तर माती परत लोटा आणि थांबा. खत अर्ध्या ताकदीचं, महिन्यातून एकदा पुरे. हाताळताना हातमोजे घाला. आयरिसचा चीक काहींच्या त्वचेला झोंबतो आणि कंद पोटात गेला तर विषारी असतो, त्यामुळे गुरं आणि पाळीव प्राणी दूर ठेवा.

पहिलं फूल, पहिली तपासणी

सायबेरिका, व्हर्सिकलर आणि दाढीवाल्या जाती बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फुलतात, कंदाऐवजी कांदा असलेल्या जाती तीन ते पाच वर्षं घेतात. फूल आलं की आधी मोजपट्टी घ्या. पाकळ्यांची लांबी-रुंदी, शिरांचा रंग, पानांच्या बुडाचा रंग लिहून ठेवा आणि जातीच्या वर्णनाशी ताडून पाहा. संगणक शिकणाऱ्यांना 'आयरिस डेटासेट' हा सरावाचा आकड्यांचा संच माहीत असतो. त्यातली १५० फुलं, म्हणजे सेटोसा, व्हर्सिकलर आणि व्हर्जिनिकाची प्रत्येकी ५०, एडगर अँडरसन या वनस्पतिशास्त्रज्ञाने अशीच मोजली होती, आणि संख्याशास्त्रज्ञ रॉनल्ड फिशर यांनी १९३६ मध्ये ते आकडे वापरले. अँडरसनला सिद्ध करायचं होतं की व्हर्सिकलर ही बाकी दोघींच्या संकरातून जन्मली. गुणसूत्रांचा हिशेबही तेच सांगतो: व्हर्जिनिकाची ७०, सेटोसाची ३८ आणि व्हर्सिकलरची १०८. निसर्गातही संकर होतात, पण त्यांना स्थिरावायला दीर्घ काळ मिळालेला असतो. आपल्या बागेतल्या अपघाती संकराला स्थानिक जात म्हणून पुढे देणं म्हणजे घेणाऱ्याची फसवणूक आहे. वर्णनाशी न जुळणारं झाड बागेत खुशाल ठेवा, त्याच्या लेबलावर 'संकर' लिहा आणि त्याची बोंडं पिकू देऊ नका.

बागेत वाढवलेली रोपं स्वतःहून रानात नेऊन लावू नका. कुंडीच्या मातीबरोबर रोग जातात आणि दुसऱ्या खोऱ्यातल्या झाडांचे गुण तिथल्या झाडांत मिसळतात. तिथल्या वनस्पती उद्यानाला किंवा संवर्धनाचं काम करणाऱ्या गटाला कळवा. त्यांना बी हवं असेल तर मूळ जागेच्या नोंदीसकट द्या. नोंद नसलेलं बी त्यांना वापरता येत नाही.

पुढच्या पिढीचं बी धरताना सगळ्यांत देखणी दोन झाडं निवडण्याचा मोह होतो. तसं करू नका. जितक्या झाडांना फूल आलं आहे तितक्यांचा थोडा थोडा पराग वापरा. उशिरा उगवलेली रोपं उशिरा फुलतात, त्यामुळे ती सहसा या मिश्रणातून सुटतात. त्यांच्यासाठी एक हंगाम थांबा. मग तिसऱ्या वर्षी उगवलेल्या झाडाचा पराग पहिल्या वर्षी उगवलेल्या झाडाला द्या, पुढच्या फुलावर उलट करा, आणि बोंडाच्या चिठ्ठीवर दोघांची उगवणीची वर्षंही लिहा.